पाच लाखांचं आरोग्य कवच खाटेपर्यंत कसं न्यायचं: रेशन कार्डापासून डिस्चार्जपर्यंत

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि ताबडतोब शहरात न्या म्हणाले. शहरातल्या खासगी रुग्णालयात काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट मागितलं. शेजारी, मेव्हणा, दूधवाला, जो फोन उचलेल त्याच्याकडून गोळा करून ते भरलं. ते रुग्णालय मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं, दारातच बोर्ड होता, पण त्या वेळी बोर्ड वाचायचं भान कोणाला? सकाळी दहाला आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या कामासाठी रुग्णालयात बसणाऱ्या माणसाच्या, टेबलाशी गेलो तेव्हा कळलं की रेशन कार्डावर वडिलांचं नाव ज्ञानदेव आहे आणि आधारवर ज्ञानेश्वर. ते जुळवायला धावाधाव केली, पण कागद हातात येईपर्यंत स्टेंट बसला होता आणि बिल आमच्या नावानं निघालं होतं.

तेव्हापासून आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांची ही कागदपत्रं बसून करून देतो. पैसे भरून बसलेली माणसं पाहिली, तसं एक रुपयाही न देता हृदयाची मोठी शस्त्रक्रिया होऊन घरी आलेलीही पाहिली. दोघांच्या घरची परिस्थिती बहुतेक वेळा सारखीच होती. फरक होता तो आधी काय केलं आणि दवाखान्यात पहिल्या तासात कोणाला भेटलं, एवढाच. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

आधी थोडं मागचं: दारं कशी वाढली

महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी योजना होती. दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी, तीही मोजक्या मोठ्या आजारांपुरती. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपये, आणि फक्त पाच माणसं. आमच्याकडच्या सात-आठ माणसांच्या घरात मग आजीचं नाव घालायचं की धाकट्या नातवाचं, हा प्रश्न खरोखर पडत असे. २ जुलै २०१२ रोजी राज्यानं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर नेली. मर्यादा दीड लाख. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं.

मोठा बदल २३ सप्टेंबर २०१८ चा. रांचीतून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. माणसांच्या संख्येची अट गेली, वयाची अट गेली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जाऊ लागला. बाजारातल्या पॉलिसीत मधुमेह किंवा हृदयविकार आधीपासून असेल तर वाट पाहायला लावतात, तसं इथे नाही. अडचण एकच होती, लाभार्थ्यांची यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीवरून काढलेली होती. २०११ नंतर ज्याचं घर मोडलं, ज्याची नोकरी गेली, जो भावांपासून वेगळा झाला, त्याचं नाव त्या यादीत यायचं कसं?

१ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात केंद्राची आणि राज्याची योजना एकत्र चालू लागली. मग २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं राज्याची मर्यादा दीडवरून पाच लाख केली, उपचारांची यादी १,३५६ पर्यंत वाढवली आणि केशरी-पिवळ्यापुरतं असलेलं दार सगळ्या रेशन कार्डांना उघडलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून झाला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकासाठी, उत्पन्न न विचारता, वेगळं कार्ड आलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. पूर्वी सरकार विचारायचं, तू किती गरीब आहेस? आता विचारतं, तुझं रेशन कार्ड कुठे आहे आणि त्यावरचं नाव आधारशी जुळतं का? पात्रतेची भिंत बरीच खाली आली, पण तिची जागा कागदानं घेतली. म्हणून आज ज्यांना योजना मिळत नाही त्यांच्यातले कितीतरी जण पात्र असतात. त्यांचा कागद तेवढा अडलेला असतो.

पायरी १: तुमच्या घरातलं कोण कोणत्या दारानं आत येतं ते ठरवा

एकाच घरातल्या माणसांची दारं वेगवेगळी असू शकतात. वहीत घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे दार लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

केंद्राची यादी हे पहिलं दार. खेडेगावात कच्च्या भिंतींचं एका खोलीचं घर, १६ ते ५९ वयाचं प्रौढ माणूस नसणं, भूमिहीन मजुरी असे निकष होते. शहरात कामावरून ११ गट होते. कचरा वेचणारे, घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार वगैरे. या यादीत नाव असेल तर कार्ड राज्याबाहेरही चालतं. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा सुरतेच्या कारखान्यात जाणाऱ्या घरांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

दुसरं दार राज्याचं, म्हणजे रेशन कार्डाचं. पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा, केशरी हे आधीपासून होतंच. आता पांढरं कार्डही चालतं आणि रेशन कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं. पूर्वी पांढऱ्या कार्डाचा शेतकरी फक्त १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आणि सातबारा दाखवूनच आत येऊ शकत होता. विदर्भ-मराठवाड्याबाहेरच्या पांढऱ्या कार्डवाल्यांना आजही वाटतं की ही योजना आपली नाही. ती तुमचीही आहे. याशिवाय आश्रमशाळेतली आणि अनाथालयातली मुलं, वृद्धाश्रमातले रहिवासी, नोंदणी झालेले बांधकाम कामगार यांनाही संस्थेच्या किंवा मंडळाच्या ओळखपत्रावर लाभ आहे.

तिसरं दार सत्तरीचं. त्याला आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात आणि त्यासाठी फक्त आधार लागतं. ज्या घराला आधीच केंद्राचं कवच आहे तिथल्या सत्तरीपुढच्यांना त्यांच्यापुरते वेगळे पाच लाख मिळतात, घरातल्या इतरांशी ते वाटून घ्यावे लागत नाहीत. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर मात्र पाच लाख दोघांत मिळून. घरात खासगी पॉलिसी आहे किंवा मुलाच्या नोकरीमुळे कर्मचारी राज्य विमा आहे म्हणून हे कार्ड नाकारलं जात नाही. केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. निवड विचार करून करा. माजी सैनिकांच्या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही असतात, जी इथे नाहीत.

आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्राच्या योजनेत घेतलं. दुसऱ्यांची कार्डं काढून देता देता स्वतःचं राहून गेलेल्या ताई मी पाहिल्या आहेत. ताई, आधी स्वतःचं काढा.

पायरी २: नावं जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

रेशन कार्ड आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. आमच्याकडे नेहमी आढळणाऱ्या चुका सांगतो. सुमन आणि सुमनबाई. ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वर. आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं साल. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर अजून तसंच, सासरच्या कार्डावर घातलेलंच नाही. मग तिच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली की दोन्हीकडून हात वर. वारलेल्या आजोबांच्या नावावर कुटुंबप्रमुख म्हणून कार्ड चालू. तीन वर्षांचं पोर, जन्मदाखला आहे, पण रेशन कार्डावर नाव नाही.

चूक कुठे दुरुस्त करायची? ज्या कागदावर खरं नाव आहे तो कायम ठेवा आणि दुसरा बदला. शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र हे आधारशी जुळत असतील तर रेशन कार्ड बदलणं सोपं. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यावा लागतो. नाव वाढवणं, नाव कमी करणं आणि नावात दुरुस्ती हे तिन्ही अर्ज वेगवेगळे आहेत, एकाच अर्जात सगळं लिहिलंत तर परत पाठवतात. सुनेचं नाव वाढवायचं तर आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. अर्ज दिला की पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. पोच नसेल तर पंधरा दिवसांनी तुमचा अर्ज तिथे आलाच नव्हता असं ऐकायची वेळ येते.

आधारमधली चूक आधार केंद्रातच दुरुस्त होते. तिथे मोबाईल क्रमांकही तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या आधारला कुणा भाच्याचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो, मग ओटीपी येणार कुठे?

आणखी एक. रेशन दुकानात अंगठा लावून ई-केवायसी करायची राहिली असेल तर ती आधी उरका. कार्ड हातात आहे पण ऑनलाइन नाव दिसत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. दुकानदाराकडून किंवा पुरवठा शाखेतून तुमच्या कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक विचारून कार्डाच्या मागे पेनानं लिहून ठेवा. पुढे तोच लागतो.

पायरी ३: कार्ड काढा

स्मार्टफोन चालवता येत असेल तर घरी होतं. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं आयुष्मान नावाचं अ‍ॅप घ्या, लाभार्थी म्हणून मोबाईल क्रमांकानं आत जा, राज्य आणि जिल्हा निवडा. मग आधार क्रमांक किंवा कुटुंबाचा क्रमांक टाकून शोधा. घरातल्या माणसांची नावं दिसतील. ज्याच्या नावापुढे कार्ड झालेलं नाही त्याची ई-केवायसी करा, म्हणजे आधारच्या ओटीपीनं, बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्याच्या छायाचित्रानं ओळख पटवा. शेवटी फोटो काढून अर्ज पाठवा. नाव चांगलं जुळलं तर मंजुरी पटकन येते. जुळलं नाही तर अर्ज तपासणीसाठी थांबतो. म्हणूनच पायरी २ वर इतका वेळ घालवला.

सत्तरीपुढच्यांसाठी त्याच अ‍ॅपमध्ये वेगळी सोय आहे. ज्येष्ठांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, शेतात राबलेल्यांचे तर हमखास. ठसा लागत नसेल तर चेहऱ्यानं किंवा ओटीपीनं ओळख पटवा, आजीला दहा वेळा अंगठा दाबायला लावू नका.

घरी जमत नसेल तर आशाताई, आपलं सरकार सेवा केंद्र किंवा योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयातला आरोग्यमित्र हे काम करतो. कार्ड मोफत आहे. नाव यादीत घालून देतो म्हणून कोणी हजार-दोन हजार मागितले तर तिथून उठा. यादीत पैसे देऊन नाव घालता येत नाही. प्लास्टिकवर छापून देण्याचे वीस-तीस रुपये कोणी घेतले तर तो छपाईचा खर्च, पण प्लास्टिकचं कार्ड लागतच नाही, मोबाईलमधली प्रत पुरते.

एक गोंधळ इथेच मिटवू. आभा नावाचं १४ अंकी खातं वेगळं. ते तुमच्या तपासण्यांच्या नोंदी ठेवण्यासाठी आहे, त्यावर उपचाराचा एक पैसाही मिळत नाही. आभा काढलं म्हणजे आयुष्मान झालं असं समजून निर्धास्त राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

आणि ज्यांचं कार्ड अजून निघालेलंच नाही त्यांनी आजारपणात घाबरून थांबू नये. मूळ रेशन कार्ड आणि आधार किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र घेऊन गेलात तर आरोग्यमित्र नोंदणी सुरू करू शकतो. कार्ड आधी काढायचं ते धावपळ वाचावी म्हणून.

पायरी ४: रुग्णालय आजार येण्याआधी शोधा

योजनेत सामील झालेल्या रुग्णालयाला सरकारी भाषेत अंगीकृत रुग्णालय म्हणतात. पण रुग्णालय योजनेत आहे एवढं कळून भागत नाही. ते कोणत्या विभागासाठी योजनेत आहे ते पाहा. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी अंगीकृत असलेल्या रुग्णालयात तुम्ही हृदयाचा रुग्ण नेलात तर बोर्ड असूनही योजना लागणार नाही. मी पाहिलेल्या फसगतींत ही फार वेळा येते, आणि यात कोणाची लबाडी असतेच असं नाही.

म्हणून १५५३८८ या राज्याच्या क्रमांकावर किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर फोन करून विचारा: आमच्या जिल्ह्यात हृदयासाठी कोणतं, डायलिसिससाठी कोणतं, कॅन्सरसाठी कोणतं, लहान मुलांसाठी कोणतं? केंद्राच्या योजनेची मदतवाहिनी १४५५५ आहे. चार नावं वहीत लिहा आणि त्यांपैकी जवळच्या एका ठिकाणी, कुणी आजारी नसताना, जाऊन या. आरोग्यमित्राचं टेबल कुठे आहे, तो किती ते किती बसतो, रात्री त्याच्या जागी कोण असतं, हे विचारून घ्या. माझ्या वडिलांच्या वेळी मला एवढं माहीत असतं तर ते पन्नास हजार गोळा करावे लागले नसते.

काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यांच्यासाठी खासगीत योजना लागत नाही. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण मोठ्या शस्त्रक्रियांचा अनुभव तिथल्या डॉक्टरांना भरपूर असतो.

पायरी ५: दवाखान्यात पहिला तास

रुग्णाला डॉक्टरांच्या ताब्यात दिलं की घरातल्या एका माणसानं आरोग्यमित्राकडे जायचं. डिपॉझिटच्या काउंटरवर जाण्याआधी. शब्द नेमके वापरा: "दादा, हा रुग्ण आम्हाला योजनेतून दाखल करायचा आहे. नोंद आत्ताच घ्या." नुसतं "आमच्याकडे कार्ड आहे" म्हटलं की समोरचा "बघू नंतर" म्हणतो.

नोंदणी झाली की रुग्णालय पूर्वपरवानगीसाठी कागद ऑनलाइन पाठवतं. सगळे त्याला प्री-ऑथ म्हणतात. त्यात तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांनी ठरवलेला उपचार आणि रुग्णाचा फोटो असतो. योजनेकडचे डॉक्टर ते तपासतात आणि मंजूर करतात, नामंजूर करतात किंवा क्वेरी काढतात. क्वेरी म्हणजे नकार नाही. एखादा अहवाल राहिला आहे, फोटो अस्पष्ट आहे, एवढंच असतं. पण रुग्णालयानं उत्तर दिलं नाही तर फाईल तशीच पडून राहते आणि तुम्हाला सांगितलं जातं की "अजून मंजुरी आलेली नाही". म्हणून दर काही तासांनी दोन प्रश्न विचारा: प्री-ऑथ गेलं का? क्वेरी आली का? आली असेल तर कशाची, ते लिहून घ्या आणि तो कागद तुम्हीच आणून द्या.

तातडीच्या रुग्णाला मंजुरीच्या कागदासाठी ताटकळत ठेवायचं नसतं. फोनवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून जातात. हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू, मोठी जखम अशा वेळी ठामपणे सांगा, "फोनवरची तातडीची परवानगी घ्या." हे शब्द ऐकले की समोरच्याला कळतं की या घराला नियम माहीत आहे.

नवजात बाळाचं काय? रेशन कार्डावर नाव नसलं तरी बाळ वाऱ्यावर नसतं. आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो, जन्माचा दाखला आणि पालकांचं कार्ड यावर नोंद होते. काचेच्या पेटीत ठेवावं लागलेल्या बाळाचा खर्च घर बुडवणारा असतो, त्यामुळे प्रसूतीला जातानाच हे कागद पिशवीत ठेवा.

पायरी ६: काय फुकट आणि काय नाही

मंजुरी मिळते ती एका ठरलेल्या पॅकेजची. जनरल वॉर्डातली खाट, अतिदक्षता विभाग, डॉक्टर आणि भूल, शस्त्रक्रियागृह, औषधं, तपासण्या, ठरवून दिलेला स्टेंट किंवा सांधा आणि रुग्णाचं जेवण, सगळं त्यात येतं. राज्याच्या योजनेत घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं आहे. ही रक्कम छोटी, पण मागा. गडचिरोलीहून नागपूरला आलेल्या माणसासाठी ती छोटी नसते.

केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावर पंधरा दिवस, त्या आजाराशी संबंधित तपासण्या आणि औषधं, हेही धरलेलं आहे. त्यामुळे दाखल होण्याआधीच्या तपासण्यांच्या पावत्या फेकू नका.

योजनेत काय नाही तेही स्पष्ट सांगतो. केवळ ओपीडीत दाखवणं, महिन्याच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, नुसत्या तपासणीसाठी दाखल होणं, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, यांपैकी काही नाही. योजना जनरल वॉर्डची आहे, वेगळी खोली मागितलीत की योजनेबाहेर पडण्याचा धोका असतो. आणि "चांगल्या कंपनीचा" स्टेंट टाकतो, फरक तेवढा भरा, असं कोणी म्हणालं तर सही करण्याआधी आरोग्यमित्राला विचारा आणि मागणी लेखी द्यायला सांगा. लेखी मागितलं की बऱ्याच मागण्या तिथेच संपतात.

डायलिसिस आणि केमोच्या रुग्णांनी एक हिशेब ठेवायचा. प्रत्येक फेरीची मंजुरी वेगळी जाते आणि रक्कम त्याच पाच लाखांतून वजा होत राहते. दर महिन्याला आरोग्यमित्राला विचारा, किती शिल्लक आहे. घरात दुसरा आजारी पडला तर तोही त्याच रकमेवर अवलंबून असतो, आणि तिथेच आजोबांचं वेगळं वय वंदना कार्ड उपयोगी पडतं.

डिस्चार्जच्या दिवशी

कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नका. समाधानपत्रावर "माझ्याकडून पैसे घेतले नाहीत" असं छापलेलं असतं. घेतले असतील तर ते तिथेच लिहा. डिस्चार्ज कार्ड, अहवाल आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घेतल्याशिवाय निघू नका. नंतर मदतवाहिनीचा फोन येऊ शकतो, तेव्हा खरं ते सांगा. डॉक्टर आपले ओळखीचे, कशाला वाईट व्हायचं म्हणून लोक गप्प बसतात. पण तुमच्या मागून येणाऱ्याला तोच काउंटर तीच रक्कम मागतो.

नकार मिळाला तर

तोंडी नकार स्वीकारू नका. कारण लेखी मागा: कार्ड चालत नाही, उपचार यादीत नाही, विभाग अंगीकृत नाही, की खाट नाही? चारही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. उभ्या उभ्या १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन लावा, तक्रार क्रमांक घ्या आणि तो आरोग्यमित्राला दाखवा. प्रत्येक जिल्ह्यात योजनेचा जिल्हा समन्वयक असतो, त्याचा क्रमांक आरोग्यमित्राकडे असतो. त्यानंही हलत नसेल तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज, सोबत पावत्या. पैसे बेकायदा घेतले असतील तर परताव्याची मागणी अर्जात नेमक्या आकड्यानं करा. "जास्त पैसे घेतले" लिहिलं तर चौकशी लांबते, "अमुक तारखेला अमुक पावतीनं १२,५०० घेतले" लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं.

उपचार यादीतच नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि तिची माहिती फार कमी घरांना आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि काम झालं नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा. मुंबई-पुण्याची कितीतरी मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत.

अपघात, परराज्य आणि गोवा

रस्त्यावरच्या अपघातात रेशन कार्ड कोण घेऊन फिरतं? २०२३ च्या निर्णयानं राज्यात अपघातग्रस्तांसाठी १८४ उपचार आणि प्रत्येक रुग्णाला एक लाखापर्यंत मदत ठरवली, आणि ती महाराष्ट्राच्या हद्दीत अपघात झालेल्या परराज्यातल्या माणसालाही आहे. केंद्रानं मे २०२५ मध्ये रस्ते अपघातांसाठी दीड लाखापर्यंत, पहिल्या सात दिवसांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. जखमीला नेताना ही गोष्ट रुग्णालयाला सांगा.

परराज्यात राहणाऱ्या मराठी घरांनी आपलं कार्ड कोणत्या दाराचं आहे ते पाहावं. केंद्राच्या यादीतलं आणि सत्तरीचं कार्ड योजनेत सामील राज्यांत चालतं, आणि २०२५ मध्ये ओडिशा आणि दिल्लीही सामील झाले. केवळ राज्याच्या दारानं मिळालेलं कवच महाराष्ट्रातल्या अंगीकृत रुग्णालयांपुरतं असतं. म्हणजे पांढऱ्या कार्डावरचं कुटुंब इंदूर-हैदराबादला स्थायिक असेल तर नियोजित शस्त्रक्रियेला गावी येणं सोयीचं.

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिथे उत्पन्नाची नव्हे तर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. सावंतवाडी-दोडामार्गची माणसं बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, उपचाराला जातात. त्यांनी निघण्याआधी १५५३८८ वर विचारावं की आपलं कार्ड तिथे त्या उपचाराला लागेल का.

आमच्या घरी आता दाराच्या मागे खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते. रेशन कार्ड, सगळ्यांच्या आधारच्या प्रती, वडिलांचं वय वंदना कार्ड, जुने अहवाल, चार रुग्णालयांची नावं आणि आरोग्यमित्रांचे क्रमांक लिहिलेली वही. गेल्या हिवाळ्यात आईला पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास रात्री दोनला सुरू झाला, तेव्हा धाकट्या भावानं आधी ती पिशवी काढली आणि मग गाडीची चावी. ती सहाव्या दिवशी घरी आली. बिलाच्या रकान्यात शून्य होतं, आणि एसटीचं भाडं तिनं स्वतः मागून घेतलं.